२९ इंची माउंटन बाइकचं हँडल खाली कसं घ्यायचं

२९ इंची चाकांची माउंटन बाइक घेतली की बऱ्याच जणांची, विशेषतः बेताच्या उंचीच्या लोकांची, पहिली तक्रार ठरलेली असते: हँडल फार वर आहे. बसल्यावर छाती ताठ राहते, चढावर पुढचं चाक भरकटतं, वळणावर पुढच्या टायरवर वजनच पडत नाही. मग कोणीतरी सल्ला देतं, "फोर्कची नळी कापून टाक." फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा. त्याची वर येणारी नळी कापणं हे या कामातलं सगळ्यात शेवटचं पाऊल आहे, आणि अनेकांना ते कधी उचलावंच लागत नाही. त्याआधी करण्यासारखं पुष्कळ आहे, बरंचसं फुकट आहे आणि जवळजवळ सगळं पुन्हा होतं तसं करता येतं. हा लेख त्याच क्रमाने लिहिलाय.

हँडल इतकं वर का येतं, ते आधी समजून घ्या. २९ इंची रिमवर टायर बसतो त्या जागेचा व्यास ६२२ मिमी असतो, जुन्या २६ इंचीचा ५५९ मिमी. टायर तेवढाच जाड धरला तर चाकाचा आस जमिनीपासून साधारण ३१ मिमी वर जातो. त्यात टायरचा माथा फोर्कच्या वरच्या भागाला घासू नये म्हणून फोर्कही जवळपास तेवढाच लांब करावा लागतो. दोन्ही मिळून फ्रेमचं पुढचं टोक सहा-एक सेंटिमीटर वर. कंपन्या हेड ट्यूब (फ्रेमची पुढची उभी नळी, जिच्यातून फोर्क वर येतो) आखूड करून यातलं काही भरून काढतात, पण लहान मापाच्या फ्रेमची हेड ट्यूब आधीच ९०-१०० मिमीची असते, ती आणखी किती छाटणार? स्विस रेसर निनो शुर्टरने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मधल्या, २७.५ इंची चाकांवर रौप्यपदक मिळवलं होतं. पुढे तोही २९ इंचीवर आला आणि त्याच्या बाइकवरचा खाली झुकलेला स्टेम, म्हणजे हँडलला फोर्कशी जोडणारा तुकडा, हा चर्चेचा विषय झाला. तेव्हा अडचण तुमच्या एकट्याची नाही.

१. आधी ठरवा, खरंच खाली घ्यायचंय का

रेसरच्या बाइकचा फोटो बघून हँडल खाली घेऊ नका. कारण असेल तरच घ्या. माझ्या मते चांगली कारणं दोनच. एक, बसून चढ चढताना पुढचं चाक उचललं जातं किंवा रेषा धरत नाही. दोन, सपाट वळणावर पुढचा टायर सटकतो आणि पुढे झुकूनही त्याच्यावर पुरेसं वजन येत नाही.

तळहात बधिर होत असतील, मान किंवा कंबर धरत असेल, तर खाली घेतल्याने बहुधा आणखी त्रास होईल. उतारांसाठीच बाइक घेतली असेल तर वर असलेलं हँडल तुमच्या फायद्याचं आहे. तीव्र उतारावर खाली घेतलेलं हँडल तुम्हाला पुढे ओढतं.

आणि सीटची उंची आधी बरोबर करा. पेडल खालच्या टोकाला असताना गुडघ्यात हलका बाक राहील एवढी सीट वर हवी. पुष्कळ नवखे लोक सीट दोन-तीन सेंटिमीटर खाली ठेवतात आणि मग हँडल वर आहे म्हणून कुरकुरतात. सीट जागेवर आली की निम्मी तक्रार तिथेच मिटते, कारण शरीराला जाणवते ती हँडलची जमिनीपासूनची उंची नव्हे, तर सीट आणि हँडल यांच्या उंचीतला फरक.

२. मापं घ्या आणि लिहून ठेवा

टायरमध्ये नेहमीची हवा भरा, बाइक सपाट जमिनीवर भिंतीला सरळ टेकवा. ड्रॉपर पोस्ट (बटणाने सीट वरखाली करणारा दांडा) असेल तर सीट पूर्ण वर. मग ही तीन मापं:

- जमिनीपासून सीटच्या माथ्यापर्यंत
- जमिनीपासून ग्रिपच्या मध्यापर्यंत
- सीटच्या नाकापासून हँडलच्या मध्यापर्यंत

पहिल्या दोन मापांतला फरक हा तुमचा खरा आकडा. क्रॉस-कंट्री रेस करणाऱ्यांची ग्रिप सीटच्या काही सेंटिमीटर खाली असते. रानवाटांवर मजेसाठी फिरणाऱ्यांना दोन्ही साधारण एका पातळीत किंवा ग्रिप किंचित वर अशी ठेवण सोयीची पडते. तिसरं माप लोक विसरतात. हँडल खाली येताना पुढेही सरकतं आणि ते किती सरकलं हे या मापाशिवाय कळत नाही.

३. काय काय लागेल

- ४, ५ आणि ६ मिमीच्या ॲलन की, आणि टी-२५ टॉर्क्स की
- ४ ते ६ न्यूटन-मीटर दाखवणारा छोटा टॉर्क रेंच (बोल्ट किती जोराने आवळला ते मोजणारा पाना)
- ग्रीस, कार्बनचं हँडल किंवा कार्बनचा स्टीअरर (फोर्कची वर येणारी नळी) असेल तर कार्बन पेस्ट
- मापाची टेप, स्वच्छ फडकं, रबरी हातोडा
- जाड रबर बँड किंवा पट्टा, फोर्क खाली घसरू नये म्हणून
- मोबाइल, सुटे होणारे भाग कोणत्या क्रमाने निघाले याचे फोटो काढायला

टॉर्क रेंच उसना आणलात तरी चालेल, पण त्याशिवाय स्टेमला हात लावू नका. स्टेमचे बोल्ट बारीक असतात, अंदाजाने आवळले की ॲल्युमिनियमचे आटे सहज उडतात. कार्बनचं हँडल तर वरून धड दिसतं आणि आतून तडकलेलं असतं.

आणखी एक गोष्ट पाहून घ्या. ब्रेक-गिअरच्या नळ्या स्टेममधून किंवा हेडसेटमधून (हेड ट्यूबमधल्या बेअरिंगच्या जोडीतून) थेट फ्रेमच्या आत जात असतील, तर स्टेम काढणं हे वेगळंच प्रकरण होतं. स्पेसर (स्टेमखालच्या चकत्या) खास आकाराचे असतात, स्टेम उलटा बसेलच असं नाही आणि कधी कधी ब्रेकची नळी सोडवावी लागते. अशी बाइक असेल तर काय बदलायचं ते या लेखावरून ठरवा, पण काम मेकॅनिककडून करून घ्या.

४. स्टेमखालचे स्पेसर वर घ्या

फोर्कची जी नळी हेड ट्यूबमधून वर येते ती स्टीअरर. स्टेम तिला बाहेरून कवटाळतो. स्टेमच्या खाली ५, १० मिमीच्या चकत्या रचलेल्या दिसतील, ते स्पेसर. खालचा स्पेसर काढून स्टेमच्या वर ठेवला की हँडल तेवढं खाली. तत्त्व एवढंच आहे, पण नवखे लोक गडबडतात ते इथेच, म्हणून जरा सावकाश सांगतो.

टॉप कॅपवरचा, म्हणजे सगळ्यात वरच्या झाकणावरचा, उभा बोल्ट स्टेमला धरून ठेवत नाही. त्याचं काम फक्त हेडसेटच्या बेअरिंगवर योग्य दाब देणं. स्टेमला स्टीअररवर पकडून ठेवतात ते बाजूचे दोन बोल्ट. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचा सगळा क्रम आपोआप सुचतो: खोलताना आधी वरचा, मग बाजूचे, बसवताना आधी वरचा हलका, मग चाक सरळ, मग बाजूचे पक्के. बाजूचे बोल्ट आवळलेले असताना वरचा कितीही पिळला तरी बेअरिंगपर्यंत दाब पोचत नाही, उलट स्टीअररच्या आत ठोकलेला स्टार नट, ज्यात हा बोल्ट फिरतो, तो वर खेचला जातो.

बाइक स्टँडवर टांगू नका, चाकं जमिनीवर राहू द्या. स्टेम निघाला की फोर्कला वरून धरणारं काही उरत नाही, आणि टांगलेल्या बाइकमधून तो सरळ खाली घसरतो, सोबत खालचं बेअरिंगही.

टॉप कॅप काढा. बाजूचे बोल्ट आळीपाळीने सैल करा आणि स्टेम वर उचला. हँडल केबलांना लटकत सोडू नका, आडव्या दांडीवर फडकं टाकून त्यावर टेकवा. आता स्पेसर निघतील. त्यांच्याखाली हेडसेटचं झाकण आणि झाकणाखाली चीर असलेली एक बारीक कडी असते. ती पाचरीसारखी बसून स्टीअररला मध्यभागी धरते. तिला हलवायची गरज नाही. झाकणाबरोबर वर आलीच तर तिरकी बाजू खाली करून परत बसवा. ही कडी न बसवता बाइक जुळवली तर हेडसेट कितीही आवळा, खडखडतच राहतो.

हवे तेवढे स्पेसर स्टेमच्या वर घ्या. एका वेळी १० मिमीच. परत बसवताना स्टीअररचं टोक सगळ्यात वरच्या स्पेसरच्या काठापासून साधारण ३ मिमी आत राहिलं पाहिजे. ते काठाला टेकलं तर टॉप कॅप स्टीअररवरच बसते आणि दाब बेअरिंगवर पडत नाही. स्पेसर फक्त खालून वर गेलेत, एकही कमी झालेला नाही, त्यामुळे ही जागा आधीइतकीच राहायला हवी. तशी नसेल तर एखादा स्पेसर खाली पडलाय, शोधा.

टॉप कॅपचा बोल्ट हलक्या हाताने आवळा. मग पुढचा ब्रेक दाबून धरा, दुसऱ्या हाताची बोटं हेडसेटच्या सांध्यावर ठेवा आणि बाइक मागेपुढे हलवा. सांध्यात टकटक जाणवली तर पाव फेरा आणखी. मग पुढचं चाक उचला आणि हँडल सोडून द्या. ते स्वतःच्या वजनाने एका बाजूला सहज कललं पाहिजे. अडखळलं तर बोल्ट जास्त आवळलाय. दोन्ही जमलं की हँडल चाकाच्या रेषेत आणा आणि बाजूचे बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे, स्टेमवर छापलेल्या आकड्यापर्यंत आवळा. तो आकडा बहुधा ५ ते ६ न्यूटन-मीटर असतो. छापलेला आकडा आणि माझा आकडा जुळला नाही तर छापलेला खरा.

किती फरक पडतो? हेड ट्यूब ६८ अंशांत कललेली असेल तर १० मिमीचा स्पेसर वर घेतल्यावर हँडल ९ मिमीच्या थोडं जास्त खाली येतं आणि जवळजवळ ४ मिमी पुढे जातं. तीन सेंटिमीटर खाली आणलंत तर हँडल सेंटिमीटरभर लांब गेलं. तेव्हा स्टेम १० मिमी आखूड घ्यावा लागतो. सीट पुढे सरकवून हे अंतर भरून काढू नका. सीटची पुढची-मागची जागा गुडघ्यांच्या हिशोबाने ठरते, हातांच्या नव्हे.

यानंतर दोन आठवडे तरी ओळखीच्या वाटेवर बाइक चालवा, मगच पुढचा स्पेसर हलवा. पहिल्या दिवशी प्रत्येक बदल एक तर भन्नाट वाटतो किंवा भयंकर.

५. स्टेम उलटा करा

माउंटन बाइकचे बरेचसे स्टेम ६-७ अंश वर कललेले बसवून येतात. तोच स्टेम उलटा केला की तितकेच अंश खाली कलतो. ७० मिमी लांबीचा ६ अंशांचा स्टेम ६८ अंशांच्या हेड ट्यूबवर उलटा केल्यास हँडल सुमारे १३-१४ मिमी खाली येतं, ९० मिमीचा असेल तर १७ मिमी. ५० मिमीच्या आखूड स्टेममध्ये जेमतेम १० मिमी मिळतात, म्हणून आधुनिक आखूड स्टेमवाल्यांनी या उपायाकडून फार अपेक्षा ठेवू नये. इथेही हँडल काही मिलिमीटर पुढे जातंच. कंपनीचं नाव उलटं दिसेल, त्याची सवय होते.

हँडल सुटं करताना फेसप्लेटचे, म्हणजे हँडलला समोरून दाबणाऱ्या पट्टीचे, चार बोल्ट असतात. परत बसवताना ते चौकटीच्या कर्णांप्रमाणे, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. वरची आणि खालची फट सारखी राहिली पाहिजे. अपवाद म्हणजे काही स्टेममध्ये आधी एक बाजू पूर्ण बंद करून मगच दुसरी आवळायची असते. तशी सूचना फेसप्लेटवरच लिहिलेली असते. हँडलच्या मध्यभागी रेषा आखलेल्या असतात, सुटं करण्यापूर्वी त्यांचा फोटो काढा, म्हणजे हँडल फिरलं तरी जुना कोन सापडेल.

एवढ्याने भागलं नाही तर जास्त कोनाचा स्टेम घ्या. १७ अंश खाली कलणारा ७० मिमीचा स्टेम ६ अंश वर कलणाऱ्या स्टेमच्या जागी लावला तर हँडल २७ मिमीच्या आसपास खाली येतं. गंमत म्हणजे एवढा वाकडा स्टेमही माउंटन बाइकवर खाली झुकलेला दिसत नाही. हेड ट्यूब मागे कललेली असल्याने तो किंचित वरच जातो. विकत घेण्याआधी हँडलचा मधला व्यास मोजा. तो ३१.८ किंवा ३५ मिमी असतो, जुन्या बाइकवर २५.४. हे एकमेकांत चालत नाहीत.

६. हँडल बदला

तुमचं हँडल मधून वर उठलेलं, म्हणजे रायझर असेल, तर सरळ फ्लॅट बार लावल्यावर तो उठाव जितका तितकं हँडल थेट खाली येतं. २० मिमी उठाव असेल तर २० मिमी. पुढे सरकण्याची भानगड नाही, फक्त टोकांचा मागे वळण्याचा कोन जुन्या हँडलइतकाच निवडा. पैसे खर्चून एकच बदल करायचा असेल तर मी हा करेन.

रायझर उलटा लावणारेही आहेत. २० मिमीच्या उठावाचे २० मिमी उतार होतात, म्हणजे एकूण ४० मिमीचा फरक. पण हँडलची टोकं जी जराशी वर वळलेली असतात ती खाली वळतात आणि मनगटं विचित्र कोनात येतात. बघायला फुकट आहे, पण हँडल कार्बनचं असेल तर निर्मात्याची परवानगी पाहिल्याशिवाय करू नका. हँडल रुंद असेल तर छाती आपोआप थोडी खाली येते, हेही लक्षात असू द्या.

७. हेडसेटचं झाकण आणि फोर्क

सगळे स्पेसर वर गेले, तरी स्टेमखाली शंकूसारखं उंच झाकण उरलेलं असेल, तर त्याच हेडसेटसाठी बुटकं झाकण मिळतं. उंच झाकण १५ मिमीचं असलं तर दहाएक मिमी मिळून जातात. जुनं झाकण सोबत नेऊन जुळवून घ्या. दिसायला सारखी असली तरी एकाचं झाकण दुसऱ्याला बसत नाही.

फोर्कचा ट्रॅव्हल, म्हणजे तो जास्तीत जास्त दबतो ते अंतर, कमी करणं हाही एक मार्ग सांगितला जातो. १२० मिमीचा १०० केला की पुढचं टोक खाली येतं, पण हेड ट्यूबही अंदाजे एका अंशाने उभी होते आणि पेडल जमिनीजवळ येऊन दगडांना लागू शकतात. फक्त हँडलसाठी हे करू नये.

८. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा

प्रत्येक बदलानंतर हे करा, आणि जोरात नको, हळू. हँडल खाली आलं की ब्रेकची मूठ किंवा गिअरचा शिफ्टर आडव्या दांडीला आपटू शकतो. आधी तो वरून मोकळा जात होता, त्यामुळे कुणाला शंकाच येत नाही, आणि पहिल्याच पडण्यात दांडीला खळगा पडतो. फ्रेम कार्बनची असेल तर नुसत्या खळग्यावर भागत नाही. शिफ्टर थोडा आत सरकवा, त्याचा कोन बदला. तरी लागत असेल तर दांडीवर त्या जागी रबरी पट्टी चिकटवा किंवा एक स्पेसर परत खाली घ्या.

नळ्याही पाहा. हँडल पुढे गेल्यामुळे एखादी नळी ताणली जाते, तर दुसरी मोठा फुगवटा काढून फांद्यांत अडकायच्या तयारीत असते. ताणलेली चालणार नाही. सैल असलेली सध्या तशीच राहू द्या, कापण्याची घाई नको, कारण हँडल उद्या पुन्हा वर जाऊ शकतं.

ब्रेकच्या मुठींचा कोन नव्याने लावा. खाली आलेल्या हँडलवर मुठी जुन्याच कोनात ठेवल्या तर मनगट मोडतं. बोटं मुठीवर ठेवल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेष आली पाहिजे. पुढे वजन वाढल्यामुळे फोर्कही बसल्या बसल्या आधीपेक्षा जास्त दबेल, तेव्हा त्यातली हवा तपासा. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर स्टेमचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा एकदा पाहून घ्या.

९. स्टीअरर कापणं, कापायचाच असेल तर

स्टेमच्या वर उभी राहिलेली स्पेसरची चवड फक्त दिसायला वाईट नाही. पडल्यावर ती छातीला किंवा गुडघ्याला लागते, म्हणून कापायचं म्हणणं चुकीचं नाही. पण दोन-तीन महिने एकाच उंचीवर समाधानाने बाइक चालवली असेल तरच कापा. कापलेला स्टीअरर लांब होत नाही. बाइक विकायला काढलीत तर उंच ग्राहक परत जाईल, आणि पुढच्या स्टेमची पकड तुमच्या स्टेमपेक्षा ५ मिमी उंच निघाली तर तोही बसणार नाही. म्हणून स्टेमच्या वर एखादा १० मिमीचा स्पेसर राहील एवढी नळी ठेवाच.

खूण करताना स्टेम आणि ठेवायचे ते सगळे स्पेसर जागेवर बसवा, हेडसेट नीट दाबलेला असू द्या, सगळ्यात वरच्या काठाला स्टीअररवर रेष मारा. काप या रेषेच्या ३ मिमी खाली. मग फोर्क बाहेर काढा. कापण्याआधी आतला स्टार नट नव्या टोकापासून १५ मिमीच्या आसपास खाली जाईल असा ठोकून घ्या, त्यासाठीचं साधन असल्यास सरळ बसतो, नसल्यास हमखास तिरका. तो वर ओढून काढता येत नाही, फक्त खाली जातो. ॲल्युमिनियमचा स्टीअरर बारीक दातांच्या हॅकसॉने, नळी सरळ धरणाऱ्या साच्यात अडकवून कापा आणि आतले-बाहेरचे काठ कानशीने घासून घ्या. धातूचा कीस फोर्कवर राहिला तर बेअरिंगमध्ये जातो, तो पुसून काढा.

स्टीअरर कार्बनचा असेल तर घरी कापू नका. त्यात स्टार नट ठोकत नाहीत, आतून फुगून पकडणारा प्लग असतो, आणि कापताना उडणारी धूळ फुफ्फुसांना घातक असते. बहुतेक कंपन्या अशा स्टीअररवर स्टेमखाली किती स्पेसर चालतील आणि वर एक तरी ठेवायचा की नाही, हे माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहितात. ते पान मेकॅनिकला दाखवा, मगच त्याच्या हातात करवत द्या.